व्यत्यय आणि त्यांची हाताळणी

संगणकाचा प्रोसेसर आणि त्याच्याभोवती जोडलेली उपकरणे यांच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आजचा साधा प्रोसेसरही एका सेकंदात अब्जावधी आज्ञा पार पाडतो. उलट, सराईत टंकलेखकाच्या दोन अक्षरांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाइतका काळ सहज निघून जातो. फिरत्या तबकडीवरील चुंबकीय नोंद वाचावयास काही सहस्रांश सेकंद लागतात, आणि दूरच्या संगणकाकडून येणारा संदेश केव्हा येईल याचा तर भरवसाच नसतो. अशा स्थितीत उपकरणाचे काम पुरे झाले की नाही हे प्रोसेसरला कळावे कसे?

एक मार्ग असा की प्रोसेसरने दर थोड्या वेळाने उपकरणाकडे चौकशी करावी. हा मार्ग सोपा खरा, परंतु त्यात प्रोसेसरचा बहुतेक वेळ व्यर्थ चौकशीत जातो. दुसरा मार्ग असा की प्रोसेसरने आपले काम करीत राहावे आणि उपकरणानेच गरज पडताच त्याला हटकावे. या हटकण्यास इंटरप्ट किंवा व्यत्यय असे म्हणतात. व्यत्यय आला की प्रोसेसर चालू काम अर्ध्यावर सोडतो, त्या उपकरणासाठी नेमून दिलेली आज्ञावली चालवितो आणि मग सोडलेले काम पुन्हा हाती घेतो. ही नेमून दिलेली आज्ञावली ड्रायव्हरचा भाग असते. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या विशिष्ट उपकरणाशी व्यवहार करणारी आज्ञावली. ती बहुधा परिचालन प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये असते. (लष्करातील कर्नलशी या शब्दाचा काहीही संबंध नाही.) गाभ्याला संगणकाच्या साऱ्या स्मृतीवर अधिकार असतो. म्हणून ड्रायव्हरमधील चूक त्या उपकरणापुरती मर्यादित राहत नाही, ती सबंध यंत्रच बंद पाडू शकते.

व्यत्ययाचे स्वरूप समजण्यासाठी पेढीवरील एखाद्या कारकुनाची कल्पना करावी. तो खतावणीतील लांबलचक रकान्याची बेरीज करीत असता दारावर टपालवाला येतो. कारकून तसाच उठून गेला तर परत आल्यावर आपण कोणत्या ओळीपर्यंत आलो होतो आणि हातचा किती होता, हे त्याला आठवणार नाही. शहाणा कारकून उठण्यापूर्वी ओळीशी पेन्सिलीने खूण करतो आणि हातचा समासात टिपून ठेवतो. प्रोसेसरही नेमके हेच करतो. पुढील आज्ञेचा पत्ता आणि स्वतःचा स्थितिशब्द तो स्मृतीतील स्टॅक नावाच्या राखीव जागेत ठेवतो. ही जागा स्वयंपाकघरातील उतरंडीसारखी असते: सर्वांत शेवटी ठेवलेले सर्वांत आधी निघते, आणि त्यामुळे एका व्यत्ययात दुसरा आला तरी परतीचा क्रम चुकत नाही. हातच्याची गोष्टही येथे केवळ उपमेपुरती नाही. बहुतेक प्रोसेसरांच्या स्थितिशब्दात बेरजेच्या हातच्यासाठी खरोखरच एक बिट राखून ठेवलेला असतो. तो जपला गेला नाही तर व्यत्ययानंतरची बेरीज चुकते.

ही कल्पना आज सरळ वाटते, परंतु प्रथम ज्यांना तिच्याशी गाठ घालावी लागली त्यांना ती तशी वाटली नव्हती. १९५७ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या संगणकाची आखणी चालू होती. लूपस्त्रा आणि स्खोल्टेन या अभियंत्यांनी त्यात व्यत्ययाची सोय करण्याचे सुचविले. आज्ञावली लिहिण्याचे काम तरुण एड्स्गर डाइक्स्ट्रा यांच्याकडे होते, आणि ही सूचना ऐकून ते धास्तावले. व्यत्यय कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नाही. तेव्हा आज्ञावलीत चूक असली तर ती एखाद्या दिवशी उद्भवेल, दुसऱ्या दिवशी उद्भवणार नाही, आणि शोधू म्हटले तर सापडणार नाही, असे भय त्यांना वाटले. सहकाऱ्यांनी त्यांची समजूत घातली तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट तपासली ती ही: व्यत्ययाच्या वेळी यंत्राची स्थिती अशी जतन करता येईल काय, की खंडित झालेल्या आज्ञावलीला काही घडल्याचा पत्ताही लागू नये? मूळ आराखड्याप्रमाणे ते शक्य नाही, असे त्यांना आढळले आणि आराखडा बदलावा लागला. ज्या प्रसंगी तो आराखडा फसला असता ते प्रसंग अगदी विरळा होते. परंतु डाइक्स्ट्रा यांनी त्यातून उलटाच निष्कर्ष काढला: इतकी विरळ चूक प्रयोगाने सापडणार नाही, म्हणून युक्तिवादावरच विसंबले पाहिजे. १९५९ साली त्यांनी सादर केलेल्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषयही या यंत्रासाठी लिहिलेली व्यत्ययांची आज्ञावली हाच होता.

ही भीती अवास्तव नव्हती, हे पुढे फार दारुण रीतीने दिसून आले. थेराक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र होते आणि त्याचे नियंत्रण पीडीपी-११ जातीच्या संगणकाकडे होते. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राकडून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले गेले आणि त्यांतील काही दगावले. टेक्सासमधील टायलर येथील दोन अपघातांचे कारण असे निघाले: यंत्रातील चुंबके योग्य स्थितीत येण्यास सुमारे आठ सेकंद लागत, आणि तेवढ्या अवधीत चालिकेने पडद्यावरील नोंद दुरुस्त केली तर आज्ञावलीच्या एका भागाला ती दुरुस्ती कळत असे, दुसऱ्याला कळत नसे. चालिकेचा हात जसजसा सरावाने जलद होत गेला तसतशी ही चूक वर आली. हा दोष नेमका व्यत्ययाचा नव्हे, परंतु कुळ तेच. दोन कामे एकाच माहितीला हात घालतात, आणि कोण आधी पोहोचेल याचा नेम नसतो.

ड्रायव्हरमध्ये हा प्रसंग कसा उद्भवतो ते एका लहान उदाहरणावरून पाहू. कळफलकावरून आलेली अक्षरे ड्रायव्हर एका रांगेत ठेवतो. रांगेत किती अक्षरे आहेत याची संख्या स्मृतीत लिहिलेली असते. व्यत्यय आला की अक्षर रांगेत जाते आणि संख्या एकाने वाढते. वापरणाऱ्याच्या आज्ञावलीने अक्षर उचलले की संख्या एकाने घटते. समजा, संख्या ५ आहे. उचलणाऱ्या भागाने ५ हा आकडा वाचून घेतला, आणि तो त्यातून एक वजा करणार तोच व्यत्यय आला. व्यत्ययाच्या आज्ञावलीने नवे अक्षर ठेवून संख्या ६ केली. परत आल्यावर पहिला भाग आपल्याजवळच्या जुन्या ५ मधून एक वजा करतो आणि ४ लिहून मोकळा होतो. रांगेत वस्तुतः ५ अक्षरे आहेत. एका आज्ञेत वजाबाकी उरकणारी यंत्रे आहेत, परंतु त्याने प्रश्न मिटत नाही. कारण संख्येबरोबर रांगेच्या टोकांचे पत्तेही बदलावयाचे असतात, आणि या सर्वांचा मेळ मध्येच तुटून चालत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे नाजूक काम चालू असेपर्यंत व्यत्यय थोपवून धरणे. पीडीपी-११ यंत्रात यासाठी ० ते ७ अशा अग्रक्रमाच्या पातळ्या होत्या. प्रोसेसर ज्या पातळीवर असेल त्या किंवा त्याखालच्या पातळीचे व्यत्यय थांबून राहत. टंकयंत्राचा व्यत्यय चौथ्या, तबकडीचा पाचव्या आणि घड्याळाचा सहाव्या पातळीवर येई. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स प्रणालीची १९७५ सालची सहावी आवृत्ती याच यंत्रावर चालत असे. तीत अक्षरांच्या रांगेला हात लावण्यापूर्वी पातळी ५ वर नेली जाई आणि काम होताच पूर्ववत केली जाई. 'पूर्ववत' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पातळी सरळ शून्यावर आणली तर काय होईल? ज्याने आपल्याला बोलाविले त्यानेच स्वतःच्या कामासाठी व्यत्यय थोपवून धरलेले असू शकतात, आणि त्याचे संरक्षण आपण नकळत काढून घेतो. म्हणून आधीची स्थिती टिपून ठेवून नेमकी तीच परत आणावी, असा दंडक पडला. तो आजही पाळला जातो.

याहून फसवा प्रकार म्हणजे हुकलेली हाक. ड्रायव्हरचा एक भाग तबकडीला काम सांगतो आणि काम झाल्याची खूण तपासतो. खूण नसेल तर तो झोपी जातो. काम झाल्यावर व्यत्ययाची आज्ञावली खूण उमटविते आणि झोपलेल्याला उठविते. आता खूण नाही असे पाहून झाले आहे, परंतु झोप अद्याप लागलेली नाही, अशा मधल्या क्षणीच व्यत्यय आला तर? खूण उमटते, हाक दिली जाते, परंतु झोपलेले कोणीच नसते. त्यानंतर तो भाग निवांतपणे झोपतो, तो कायमचा. जॉन लायन्स या अध्यापकांनी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात विद्यार्थ्यांना युनिक्सची ही सहावी आवृत्ती ओळीवार शिकविली. १९७७ साली तयार झालेले त्यांचे भाष्य पुढे अनेक वर्षे छायाप्रतींच्या रूपाने फिरत राहिले. त्या आवृत्तीतील तबकडीची वाट पाहणारे कार्य अवघ्या काही ओळींचे आहे. त्यात आधी पातळी ६ वर चढविली जाते, मगच खूण तपासली जाते, आणि त्याच स्थितीत झोपण्याची नोंद होते. प्रोसेसर दुसऱ्या कामाकडे वळला की त्या कामाची पातळी लागू होते आणि अडलेला व्यत्यय आत येतो. तोवर झोपणाऱ्याचे नाव पटावर लागलेले असते.

स्वतः व्यत्ययाच्या आज्ञावलीला मात्र झोपण्याची मुळीच मुभा नाही. ती कोणा एकाची नसते. त्या क्षणी जे काम चालू होते त्याच्याच पाठीवर ती बसलेली असते. ती थांबली तर ज्याचा काही संबंध नाही असे काम तिच्याबरोबर अडकून पडते. म्हणून तिने मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या कशाचीही वाट पाहू नये आणि आपले काम त्वरित आटोपावे. लिनक्स या प्रणालीत, जिचा आरंभ १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी केला, या कामाचे दोन भाग पाडण्याची प्रथा आहे. पहिला भाग उपकरणाला पोच देतो आणि निकडीची माहिती उचलतो. उरलेले काम सवडीने दुसरा भाग करतो. २००९ पासून हा दुसरा भाग स्वतंत्र धाग्यावर चालविण्याची सोयही तेथे झाली आहे. अशा धाग्याला झोपता येते.

एका यंत्रात अनेक प्रोसेसर आले तेव्हा जुना उपाय अपुरा पडू लागला. आपल्या प्रोसेसरवरील व्यत्यय थोपविले म्हणून शेजारच्या प्रोसेसरचा हात थांबत नाही. लिनक्समध्ये काही काळ सर्वच प्रोसेसरांवरील व्यत्यय एकदम बंद करणारी आज्ञा होती. ती फार ढोबळ ठरली आणि २००२ साली विकासशाखेतून काढून टाकण्यात आली. तिच्या जागी प्रत्येक माहितीसाठी वेगळे कुलूप आले. कुलूप लागलेले दिसले की दुसरा प्रोसेसर ते निघेपर्यंत तेथेच घिरट्या घालीत राहतो. परंतु येथेही एक खाच आहे. एका प्रोसेसरने कुलूप लावले, त्याच प्रोसेसरवर व्यत्यय आला आणि व्यत्ययाच्या आज्ञावलीला तेच कुलूप हवे असले, तर ती घिरट्या घालू लागते. कुलूप ज्याने काढावयाचे तो तिच्याच खाली दबलेला असतो. दोघेही कधीच सुटत नाहीत. म्हणून व्यत्ययाशी सामाईक असलेली माहिती हाताळताना स्थानिक व्यत्यय थोपविणे आणि कुलूप लावणे या दोन्ही गोष्टी एकत्रच कराव्या लागतात.

अनेक उपकरणे एकाच तारेवरून व्यत्यय देत असतील तर प्रत्येक ड्रायव्हरने हा व्यत्यय आपल्या उपकरणाचा आहे काय हे तपासून तसे प्रामाणिकपणे सांगावे लागते. कोणीच पत्करला नाही आणि तार तशीच तापलेली राहिली तर व्यत्ययांचा भडिमार सुरू होतो. लिनक्समध्ये एक लाखांपैकी ९९,९०० व्यत्यय बेवारस निघाले तर ती तारच बंद केली जाते. तसेच ड्रायव्हरने आपली सर्व मांडणी पुरी होण्यापूर्वी व्यत्ययासाठी नाव नोंदवू नये, आणि निरोप घेताना आधी उपकरण गप्प करावे, मग नाव काढावे आणि शेवटी स्मृती परत करावी. हा क्रम पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी नाव काढण्याच्या ऐन क्षणी मुद्दाम एक खोटा व्यत्यय पाठविण्याची सोय लिनक्समध्ये आहे.

सर्व काही बिनचूक असूनही व्यत्यय घातक ठरू शकतात, हे संदेशजाळ्यांनी दाखविले. सेकंदाला १ कोटी बिट वाहून नेणाऱ्या ईथरनेटवर सर्वांत लहान संदेश सेकंदाला सुमारे १४,८८० येऊ शकतात; वेग शंभरपट झाला की तेच १४,८८,००० होतात, म्हणजे दोन संदेशांत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाइतकेही अंतर राहत नाही. प्रत्येकासाठी व्यत्यय घेतला तर प्रोसेसर केवळ संदेश स्वीकारीत राहतो आणि त्यांचे पुढे काही करावयास त्याला उसंतच मिळत नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली या अवस्थेचे विवेचन करून उपाय सुचविला. पुढे लिनक्सनेही तशीच पद्धत स्वीकारली. पहिला संदेश व्यत्ययाने कळवावा, लगेच त्या उपकरणाचे व्यत्यय बंद करावेत आणि ठराविक संख्येपर्यंतचे संदेश चौकशी करून उचलावेत. रांग रिकामी झाली की व्यत्यय पुन्हा सुरू करावेत. सुरुवातीस व्यर्थ म्हणून टाकून दिलेली चौकशी अशा रीतीने गर्दीच्या वेळी उपयोगास आली. मात्र रांग रिकामी दिसणे आणि व्यत्यय सुरू होणे या दोहोंच्या मध्ये एखादा संदेश येऊन पडू शकतो. म्हणून व्यत्यय सुरू केल्यावर पुष्कळ ड्रायव्हर रांगेत पुन्हा एकदा डोकावतात.