बायकोसाठी सायकल घेताना

बायकोला कामावर जायला जाड टायरची गिअरवाली सायकल घ्यायची, कोणती घेऊ, असं वस्तीतले भाऊ आम्हाला विचारतात. विचार चांगलाच आहे. पण दुकानात एकटे जातात आणि रंग बघून घेऊन येतात. तिला सोबत न्या.

दुकानदार '२६ इंची' म्हणतो ते चाकाचं माप. अंगाला जुळावं लागतं ते फ्रेमचं. दांडी मधे घेऊन, दोन्ही पाय जमिनीला टेकवून ती उभी राहिली की वर दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. सीटवर बसल्यावर पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकावा. सीट फार खाली असली की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. मग 'मला झेपत नाही' म्हणत ती सायकल सोडून देते.

बजेट कमी असेल तर शॉकअप नको. स्वस्तातलं शॉकअप धक्का फारसा जिरवत नाही, वजन मात्र वाढवतं. आणि आपल्याकडे सायकल रोज उचलून घरात घ्यावी लागते! ते पैसे चांगले ब्रेक, हेल्मेट आणि सीटवर घाला. बायकांची बैठकीची हाडं सहसा जास्त अंतरावर असतात. अरुंद सीटने खाली बधिर होतं, सोलवटतं, आणि हे दुखणं त्या घरात बोलत नाहीत. तुम्हीच विचारा.

जुनी घ्यायलाही हरकत नाही. मूळ पावती मागा. चाक उचलून फिरवा, रिम डुलते का बघा. केबल, ब्रेकचे रबर थोडक्यात बदलून होतात. जोडाजवळ चिरलेली फ्रेम मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका.