हस्तविद्येची देवघेव

आपल्या दप्तरातील साध्या वस्तू क्षणभर निरखून पाहाव्यात. लेखणीचे टोपण, कंपासपेटीचे झाकण, पाण्याची बाटली. ह्या वस्तू यंत्रांतून हजारोंनी बाहेर पडतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु यंत्राला त्यांचा आकार कोण देतो? तो देतो पोलादाचा साचा. साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबाने शिरते, निवते आणि टोपण होऊन बाहेर येते. पत्र्याचे झाकण ठशाखाली दाबले जाऊन आकार घेते. साच्याच्या दोन भागांत केसाच्या जाडीइतकी जरी फट राहिली, तरी प्रत्येक वस्तूच्या कडेला नकोसा पापुद्रा येतो. साच्यातील एक चूक ही एकच चूक राहत नाही. ती हजारो वेळा उमटते. म्हणून साचा घडविणारा कारागीर हा कारखानदारीचा आधारस्तंभ होय.

असा कारागीर केवळ ग्रंथ वाचून तयार होत नाही. स्वातंत्र्यानंतर देशात कारखाने उभे राहू लागले, तेव्हा ही गोष्ट प्रकर्षाने जाणवली. यंत्रे विकत आणता येतात. कसलेले हात आणता येत नाहीत. १९५० साली भारत सरकारने कारागीर-प्रशिक्षणाची योजना सुरू केली आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा कायदा केला. तथापि साचे व हत्यारे यांचे आरेखन ही अधिक कठीण विद्या होती, आणि ती शिकविण्यासाठी आधी शिक्षकच तयार व्हावयास हवे होते.

येथे राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य उपयोगी पडले. त्याचे उदाहरण शोधण्यास आम्हांस दूर जावयास नको. आमच्या ह्याच हैदराबाद शहरात, बालानगर येथे, १९६८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन ही संस्था भारत सरकारने स्थापन केली. तिला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य लाभले व त्या साहाय्याची कार्यवाही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे होती. ही संघटना १९१९ साली स्थापन झाली आणि भारत तिचा संस्थापक सदस्य आहे. कामगारांना धंदेशिक्षण मिळावे, हा उद्देश तिच्या घटनेच्या प्रास्ताविकातच नमूद केलेला आहे. पुढे १९६४ साली तिने इटलीतील ट्युरिन शहरी स्वतःचे प्रशिक्षणकेंद्रही स्थापिले.

अशा साहाय्याची सर्वसाधारण घडण तीन पदरी असते. परदेशी तज्ज्ञ काही काळ येतात. यंत्रसामग्री पुरविली जाते. आणि येथील शिक्षकांना शिक्षणासाठी परदेशी पाठविले जाते. ह्यांपैकी यंत्रे डोळ्यांत भरतात, पण ती झिजतात व जुनी होतात. तज्ज्ञ तर परत जाणारच. मागे उरतो तो शिकून आलेला शिक्षक, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेली पिढी. पाहुण्याने पाहुणचार आटोपून जावे, आणि घरच्यांनी त्याच्याकडून शिकलेली विद्या पुढे चालवावी, हेच अशा सहकार्याचे यश मानावयास हवे.

परकी पद्धती जशीच्या तशी उचलून मात्र चालत नाही. जर्मनीत शिकाऊ मुलगा आठवड्याचे काही दिवस कारखान्यात काम करतो आणि उरलेले दिवस शाळेत शिकतो. १९६९ साली तेथे ह्यासंबंधी देशव्यापी कायदा झाला. ह्या पद्धतीची कीर्ती जगभर आहे. परंतु तिच्यामागे शिकाऊ मुलाचा भार उचलणारे कारखानदार आणि त्यांची परीक्षा घेणारी व्यवसायमंडळे उभी आहेत. रोप दुसऱ्या देशातून आणता येते. माती आपल्यालाच तयार करावी लागते. इंदूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व अहमदाबाद येथे जर्मनीच्या साहाय्याने टूल रूम उभ्या राहिल्या, त्या येथील कारखान्यांच्या गरजा भागवीत प्रशिक्षण देतात, हे म्हणूनच महत्त्वाचे.

सहकार्याचा आणखी एक लाभ म्हणजे समान मोजमाप. १९५० साली माद्रिद येथे स्पेन व पोर्तुगाल ह्या दोन देशांच्या २४ तरुण कारागिरांनी आपापल्या कसबाची स्पर्धा केली. त्यातूनच आजची जागतिक कौशल्यस्पर्धा वाढली. २०१९ साली रशियातील कझान येथे भारताला जलतंत्रज्ञानात सुवर्णपदक मिळाले. भाषा वेगळ्या असल्या तरी काटकोन सर्वत्र नव्वद अंशांचाच असतो.

घेणाऱ्याने देतेही व्हावे, हा आमचा संस्कार. १९६४ साली भारताने 'आयटेक' योजना सुरू केली, आणि आशिया-आफ्रिकेतील प्रशिक्षणार्थी भारतात शिकावयास येऊ लागले. हैदराबादेतील संस्थांचाही ह्या कार्यात वाटा आहे.

एक उणीव मात्र कोणताही परदेशी तज्ज्ञ भरून काढू शकणार नाही. ज्याला गुण कमी पडले, त्याने कारखान्याची वाट धरावी, अशी समजूत अजून अनेक घरांत आहे. बालानगरच्या संस्थेत दहावीनंतर साचेबांधणीच्या पदविकेस प्रवेश मिळतो. तो मार्ग हुशार मुलामुलींनी आवडीने निवडावा, असे किती पालकांना वाटते? हजारो वस्तूंचा आकार ज्याच्या अचूकपणावर अवलंबून, त्याचे काम कमी प्रतीचे कसे? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर आमच्याच घरांतून यावयास हवे.