आनुवंशिकतेचा हिशेबनीस

ज्यास प्राणिशास्त्र आवडतें त्यानें डॉक्टर व्हावें आणि ज्यास गणित आवडतें त्यानें इंजिनियर व्हावें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु विद्यार्थिमित्रहो, ज्यास हीं दोन्ही आवडतात त्याच्यासाठीं एक तिसरा मार्ग आहे. त्या विद्येस जैवमाहितीशास्त्र म्हणतात. तिचा उपयोग काय, हें हृद्रोगाच्या एका शोधावरून चांगलें ध्यानांत येईल.

आपल्या शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशींत आईबापांकडून आलेला एक लेख असतो. त्याची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची; पण एका संचाची लांबी सुमारें ३०० कोटी अक्षरें! कोणत्याही दोन माणसांच्या लेखांत लाखों ठिकाणीं फरक असतो. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी. एखादाच घातक, अथवा उपकारक. तो शोधण्यासाठीं हा शास्त्रज्ञ संगणकास आज्ञावली लिहून देतो, हजारों लोकांचे लेख ताडून पाहतो, आणि कोणता फरक कोणत्या रोगाबरोबर वारंवार येतो याचा हिशेब मांडतो. योगायोग कोणता व कारण कोणतें, हें ठरविण्यास संख्याशास्त्र साहाय्य करतें.

२००३ सालीं फ्रान्समधील संशोधकांस, कांहीं कुटुंबांत कोलेस्टेरॉल पिढ्यान्‌पिढ्या फार वाढण्याचें मूळ पीसीएसके-९ नामक जनुकांत सांपडलें. रक्तांतील घातक कोलेस्टेरॉल उचलून घेण्याची जी सोय यकृतांत आहे, ती ह्या जनुकाचें प्रथिन कमी करतें. तेव्हां अमेरिकेंतील डॅलस येथें हेलन हॉब्स व जोनाथन कोहेन यांनीं उलट प्रश्न केला : हें जनुक ज्यांच्यांत निकामी असेल, त्यांचें कोलेस्टेरॉल कमी असेल काय? २००५ सालीं तसे लोक आढळले. पुढें ३,३६३ कृष्णवर्णीय अमेरिकनांची १५ वर्षांची माहिती तपासली, तिचा निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाला. शेंकडा २.६ लोकांत जनुकाची प्रत निकामी होती. त्यांचें घातक कोलेस्टेरॉल सरासरीनें शेंकडा २८ नीं कमी, आणि हृदयाच्या धमन्यांचा रोग तर शेंकडा ८८ नीं कमी! मग त्या प्रथिनास निष्प्रभ करणारीं, टोंचून देण्याचीं दोन औषधें निघालीं व २०१५ सालीं अमेरिकेंत मान्य झालीं. रोग्यांच्या औषधाचा मार्ग निरोगी माणसांनीं दाखविला, तो असा.

ह्यांत पालकांसही एक बोध आहे. ‘आमच्या घराण्यांतच हा रोग, दैवापुढें इलाज नाहीं,’ असें पुष्कळ लोक म्हणतात. परंतु २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ५५,००० हून अधिक लोकांच्या अभ्यासाचा निर्वाळा निराळा आहे. धूम्रपान वर्ज्य, नियमित व्यायाम, योग्य आहार आणि बेताचें वजन ह्या चारांपैकीं निदान तीन गोष्टी पाळणारांस, फार तर एकच पाळणारांपेक्षां हृद्रोग जवळजवळ निम्म्यानें कमी झाला. आणि हें ज्यांचा आनुवंशिक धोका सर्वांत अधिक, त्यांच्याविषयीं! वारसा म्हणजे शिक्षेचा हुकूम नव्हे.

ह्या मार्गानें जाऊं इच्छिणाऱ्यानें जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणकाची भाषा हीं तिन्ही मन लावून शिकावीं. ह्या शास्त्रज्ञाच्या हातीं ना शस्त्र असतें ना औषधाची बाटली, आणि ज्यांचे प्राण वांचतात त्यांस त्याचें नांवही ठाऊक नसतें. तथापि त्याचा हिशेब एका आंकड्यानें चुकला, तर औषधाची दिशाच चुकावयाची. म्हणून शाळेच्या वहींतील साधें गणितसुद्धां पुन्हां ताडून पाहण्याची संवय आजपासूनच लावून घ्यावी.