मोटार शर्यतीच्या संगणकीय खेळातील संघव्यवस्थापन आणि निर्णयप्रक्रियेचे अध्यापन

प्रस्तावना

निर्णयप्रक्रिया हा व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमातील महत्त्वाचा घटक होय. तथापि, अपुरी माहिती, मर्यादित निधी आणि अल्प वेळ अशा परिस्थितीत निर्णय घेण्याचा अनुभव विद्यार्थ्यांना वर्गात देणे कठीण असते. या दृष्टीने व्यवस्थापनप्रधान संगणकीय खेळांचा विचार उपयुक्त ठरतो. ब्रिटनमधील प्लेस्पोर्ट गेम्स या संस्थेचा 'मोटरस्पोर्ट मॅनेजर' हा खेळ २०१४ मध्ये प्रथम भ्रमणध्वनीसाठी प्रसिद्ध झाला व २०१६ मध्ये सेगा या प्रकाशकाने त्याची विस्तारित संगणक आवृत्ती आणली. प्रस्तुत लेखात या संगणक आवृत्तीतील निर्णयांचे स्वरूप आणि त्यांची अध्यापनातील उपयुक्तता यांचे विवेचन केले आहे.

खेळाचे स्वरूप

या खेळात खेळाडू स्वतः गाडी चालवीत नाही. चालक, अभियंता व यांत्रिक यांची निवड करणे, त्यांच्याशी करार करणे, गाडीच्या भागांची रचना करून घेणे, प्रायोजक मिळविणे आणि शर्यतीच्या वेळी डावपेच आखणे ही त्याची कामे होत. संघाचे अध्यक्ष हंगामासाठी अपेक्षा निश्चित करतात. त्या सातत्याने अपूर्ण राहिल्यास व्यवस्थापकाला पद गमवावे लागते. नियोजन, संघटन, कर्मचारी-निवड, निर्देशन व नियंत्रण ही व्यवस्थापनाची पाचही परिचित कार्ये येथे प्रत्यक्ष कृतीच्या रूपाने समोर येतात.

साधनसामग्रीचे वाटप

लहान संघापुढील मुख्य प्रश्न पैशाचा असतो. चालू हंगामातील गाडी सुधारावी, पुढील वर्षाच्या गाडीसाठी निधी राखून ठेवावा की मुख्यालयातील कारखान्याचा विस्तार करावा, यांपैकी एकाची निवड केली की दुसऱ्याला कात्री लागते. सर्व निधी चालू हंगामावर खर्च केल्यास अध्यक्ष काही काळ समाधानी राहतात, परंतु पुढील वर्षी संघ मागे पडतो. गाडीच्या भागांबाबतही असाच पेच असतो. नव्या भागाची कामगिरी वाढविण्यावर भर द्यावा की त्याची विश्वासार्हता वाढवावी, हे ठरवावे लागते. वेगवान भाग शर्यतीच्या मध्यावर निकामी झाल्यास त्या वेगाचा उपयोग होत नाही. नियमबाह्य घटक वापरून लाभ मिळविण्याची मुभाही खेळात आहे. मात्र तपासणीत तो उघड झाल्यास शिक्षा होते. व्यावसायिक नीतिमत्तेच्या चर्चेसाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

शर्यतीतील निर्णय

शर्यतीच्या वेळी टायर, इंधन व हवामान या तीन घटकांचा एकत्रित विचार करावा लागतो. समजा, टायर बदलण्यासाठी थांबल्यास २० सेकंद खर्च होतात आणि नव्या टायरमुळे प्रत्येक फेरीत सरासरी १.५ सेकंद वाचतात. १६ फेऱ्या शिल्लक असल्यास २४ सेकंद वाचून ४ सेकंदांचा निव्वळ लाभ होतो, तर १० फेऱ्याच उरल्या असल्यास १५ सेकंदच वाचतात, म्हणजे ५ सेकंदांचा तोटा होतो. एकच निर्णय वेळेनुसार योग्य वा अयोग्य ठरतो, हे या साध्या गणितावरून स्पष्ट होते. परंतु पुढील काही फेऱ्यांत पाऊस पडण्याची शक्यता निर्माण झाली की हे गणित बदलते, आणि ती शक्यता प्रत्यक्षात उतरेलच याची खात्री नसते.

मर्यादा

सदर खेळाच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. मनुष्यस्वभाव येथे काही गुणांकांत बांधलेला असतो. प्रत्यक्ष संघातील मतभेद, निष्ठा वा मनस्ताप त्यात पूर्णपणे उतरत नाहीत. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. जतन केलेल्या टप्प्यापासून खेळ पुन्हा सुरू करता येत असल्याने चुकीचे परिणाम पुसून टाकता येतात. त्यामुळे यश मिळेपर्यंत पुनःपुन्हा प्रयत्न करणे म्हणजेच व्यवस्थापन, असा गैरसमज दृढ होण्याची शक्यता असते.

अध्यापनातील उपयोग

या मर्यादांवर मात करण्यासाठी प्राध्यापकांना एक साधी पद्धत अवलंबिता येईल. प्रत्येक शर्यतीपूर्वी विद्यार्थ्यांच्या गटाने आपला निर्णय, त्यामागील कारणे आणि उपलब्ध माहिती लिहून द्यावी व शर्यत पुन्हा खेळू नये. मूल्यमापन करताना संघाच्या क्रमांकाऐवजी या लेखी कारणमीमांसेला गुण द्यावेत. पाऊस न आल्याने पावसाळी टायरचा निर्णय फसला, तरी तो निर्णय घेताना हाती असलेल्या माहितीवरून योग्य असू शकतो. उलटपक्षी, केवळ नशिबाने जिंकलेल्या शर्यतीमागील निर्णय सदोष असू शकतो.

समारोप

निकालावरून निर्णयाची पारख करण्याची सवय विद्यार्थ्यांत आणि संस्थांतही आढळते. निर्णय आणि त्याचा निकाल यांतील हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्यासाठी सदर खेळाचा उपयोग होऊ शकतो. मात्र त्यासाठी खेळाइतकेच खेळानंतरच्या चर्चेलाही तासिकेत स्थान मिळणे आवश्यक आहे.