झोप ‘लागत नाही’ म्हणजे नेमकं काय?

गेल्या मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न होतं. दादा मदतीला चार दिवस आधीच मावशीकडे गेला होता. वहिनी आणि मी हळदीच्या दिवशी पोचलो, तर मावशी कौतुकानं सांगायला लागली, “दोन-तीन तासांच्या वर झोपला नाहीये हा, आणि तरी बघ, सगळ्यांच्या आधी हजर! किती वर्षांनी असा हसतोय. आता त्या गोळ्यांची काही गरज नाही गं ह्याला.” मी वहिनीला बाजूला घेतलं आणि आम्ही डॉक्टरांना फोन लावला.

दादाला बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवीय विकार आहे. निदान होऊन १७ वर्षं झाली. या १७ वर्षांत ‘झोपत नाही, पण उत्साह बघा’ हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मला ते शांतपणे ऐकून घेता येत नाही. त्याचं जोडवाक्यही पाठ झालंय. दादा रात्रभर तळमळत असला की तीच माणसं म्हणतात, “टेन्शन फार घेतो.” म्हणजे कमी झोपून आनंदात असला तर बरा झाला, आणि कमी झोपून घाबरलेला असला तर मनाचा कच्चा. दोन्ही चुकीचं आहे, आणि यातलं पहिलं जास्त महागात पडतं.

आपल्या भाषेतही इथे एक खड्डा आहे. ‘मला झोप लागत नाही’ म्हणजे डोळा लागत नाही. ‘मला जास्त झोप लागत नाही’ म्हणजे तेवढी गरजच नाही. क्रियापद एकच. पेशंट पहिलं वाक्य बोलतो की दुसरं, हे नीट ऐकलं नाही तर डॉक्टरांसमोर बसूनही चुकीची माहिती दिली जाते.

निद्रानाशात माणसाला झोप हवी असते आणि ती येत नाही. सकाळी डोळे चुरचुरतात, अंग जड होतं, संध्याकाळपर्यंतचा दिवस ढकलावा लागतो. मेनियात (उन्मादात) आणि त्याच्या सौम्य रूपात, म्हणजे हायपोमेनियात, झोपेची गरजच आटते. माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम-५’ या निदान-पुस्तिकेत मेनियाच्या लक्षणांमध्ये हे स्वतंत्रपणे दिलंय आणि उदाहरण तीन तासांच्या झोपेचंच आहे. बाकीची लक्षणं जोडीला असली, तर हायपोमेनिया म्हणायला सलग चार दिवस पुरतात. मावशीनं तब्येत सुधारल्याची खूण म्हणून जे सांगितलं, तेच पुस्तकात आजाराचं लक्षण म्हणून छापलेलं आहे.

हे मी पुस्तकात फार उशिरा वाचलं. आधी कॅलेंडरवर पाहिलं. वहिनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रोज पेन्सिलीनं दादाच्या झोपेची वेळ लिहिते. एका ऑक्टोबरचं पान तिनं फाडून जपून ठेवलंय. आधीचे सगळे चौकोन ‘११–६’, ‘११–६.३०’ असे आहेत. कोजागरीच्या चौकोनात ‘२–६’. सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवायचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ‘१.३०–४.३०’. मग ‘३–५’. त्याच्या पुढच्या चौकोनात नुसती आडवी रेघ. त्या रात्री भांड्यांचा आवाज आला म्हणून वहिनी उठली, तर दादा माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढून चिंचेच्या कोळानं घासत बसला होता. सगळी ओळीनं मांडलेली, चकचकीत. तिला म्हणाला, “इतकी वर्षं उगाच झोपत होतो मी.” आठवडाभरात त्यानं एका नव्या ओळखीच्या माणसाच्या धंद्यात दीड लाख रुपये घातले. नंतर दवाखान्यात तीन आठवडे काढले, आणि त्यानंतर पाच महिन्यांचं नैराश्य.

ते जागरण आजारामुळे झालं की जागरणामुळे आजार उसळला? दोन्ही खरं असू शकतं. १९८७ साली वेअर, सॅक आणि रोझेन्थल या संशोधकांनी मांडलं की कारण काहीही असो, प्रवास, शोक, बाळंतपण किंवा औषध, त्यातून झोप कमी झाली की मेनियाचं दार उघडू शकतं. आणि मेनिया आला की तो उरलेली झोप खातो. त्यामुळे कोजागरी, मंगळागौर, गणपतीच्या आराशीच्या रात्री, नाइट शिफ्ट, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास या गोष्टी बाकीच्यांना एक-दोन दिवसांच्या थकव्यावर सुटतात. बायपोलर असलेल्या माणसाला तशा सुटतीलच असं नाही. “एक रात्र जागलास तर काय बिघडतं?” असं त्याला विचारू नका.

आता चिंता. ती स्वभावाचा दोष आहे, असं शिकलेली माणसंही म्हणतात, म्हणून आकडा देते. ‘लॅन्सेट सायकियाट्री’त २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. बायपोलर असलेल्या सुमारे ४५ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी एखादा चिंताविकारही झालेला होता. जवळजवळ निम्म्या पेशंटांना जे होतं, ते मन घट्ट करून जाणारं असतं तर केव्हाच गेलं असतं. दादाच्या चिंतेच्या रात्री मी जवळून पाहिल्यात. तो पावणेतीनला उठतो. गॅसचं बटण बघून येतो. परत येऊन पडतो आणि परत उठतो. तळहात ओले असतात, छातीत धडधडत असतं. त्याला झोप हवी असते, अगदी रडकुंडीला येऊन हवी असते. भांडी घासणाऱ्या रात्रीचा आणि या रात्रीचा तास एकच, पण डॉक्टरांना सांगताना या दोन रात्री वेगळ्या सांगाव्या लागतात.

कारण उपचार वेगळे आहेत. चिंता आणि निद्रानाश एवढंच सांगितलं, तर डॉक्टर नैराश्यविरोधी गोळी देऊ शकतात; चिंताविकारावर तीच दिली जाते. बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या जोडीशिवाय ती दिली तर काहींना मेनियात ढकलू शकते. म्हणून उत्साहाचे, उधळपट्टीचे, कमी झोपेचे दिवस विचारले नाहीत तरी सांगा.

काही वेळा दोन्ही एकत्र येतात. अंगात मेनियाचा वेग आणि मनात नैराश्याचा काळोख. याला मिश्र अवस्था म्हणतात आणि यात आत्महत्येचा धोका मोठा असतो. अशा माणसाला “शांत हो” म्हणून एकटं सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शासनाच्या टेली-मानसवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीत बोलता येतं.

बाकीचे समज थोडक्यात.

झोपेची गोळी घेतली की काम झालं? अल्प्राझोलमसारखी गोळी डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात, पण ती मूळ आजारावरचं औषध नाही, सवय लावते, आणि केमिस्टकडून ओळखीवर आणायची तर मुळीच नाही.

दोन पेग घेतले की झोप लागते? लागते, आणि उत्तररात्री मोडते. दुसऱ्या दिवशी चिंता वाढलेली असते.

नैराश्यात १२ तास झोपणारा आळशी असतो? अतिझोप हेही याच आजाराचं लक्षण आहे.

लिथियम म्हणजे झोपेचं औषध? मुळीच नाही. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते मेनियावर वापरून दाखवलं, आणि आजही ते मूड स्थिर ठेवायलाच देतात. लिथियम घेणारीनं हरितालिकेचा निर्जळी उपवास आणि जागरण करू नये, हे मी हात जोडून सांगते. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनीही ते वाढतं.

आजार शांत असताना झोपेकडे बघायला नको? अॅलिसन हार्वी आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या छोट्या अभ्यासात, मूड स्थिर असलेल्या बायपोलर पेशंटांपैकी ७० टक्क्यांची झोप उपचार करण्याइतकी बिघडलेली होती. यावर औषधांच्या जोडीनं झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धती उपयोगी पडते. मात्र निद्रानाशाच्या उपचारात अंथरुणातले तास मुद्दाम कमी करायला सांगतात. बायपोलरमध्ये ते इंटरनेटवर वाचून घरी करू नये, कारण झोप कापणं हाच इथला धोका आहे.

हळदीच्या त्या दिवशी फोनवर डॉक्टरांनी झोपेच्या तासांबद्दल शेवटी विचारलं. आधी विचारलं, “दुपारी पेंगतो का? थकलेला दिसतो का?” मी मांडवाकडे बघितलं. दादा शिडीवर चढून झेंडूची माळ तिसऱ्यांदा सोडून नव्यानं बांधत होता आणि खालच्या तिघांशी एकदम बोलत होता. “नाही,” मी म्हटलं. त्यांनी रात्रीच्या गोळीत बदल सांगितला, परवा भेटायला बोलावलं, आणि आज जागरण नको म्हणाले.

नऊ वाजता आम्ही त्याला घरी आणलं. तो वाटेत भांडला, मावशी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. वहिनीनं घरी आल्यावर आधी पेन्सिल शोधली. मागचे चार चौकोन रिकामेच होते. तिथे तिनं काही लिहिलं नाही. त्या रात्रीच्या चौकोनात ‘१–४’ आहे, पुढच्या ‘१२–४.३०’, आणि रविवारी ‘११–५.३०’. सोमवारी दुपारी तो जेवून खुर्चीतच पेंगला, तेव्हा वहिनीनं मला फोन करून तेवढंच सांगितलं.