टेन्शनवर खापर, तंबाखूला अभय

कुणी पन्नाशीत अचानक गेलं की दहाव्याला एक वाक्य हमखास ऐकू येतं : "टेन्शन फार घ्यायचा हो!" बोलणाऱ्याच्या दाढेखाली तेव्हा तंबाखूचा बार असतो.

गैरसमज : हार्ट अटॅक टेन्शननं येतो.

ताणाचा वाटा आहेच, पण तो एकटा नाही. 'इंटरहार्ट' नावाचा 52 देशांतला अभ्यास 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पहिल्या झटक्याचा जवळपास 90 टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला निघाला. ताण त्यातला एक. तंबाखू, रक्तातली बिघडलेली चरबी, बीपी, मधुमेह आणि सुटलेलं पोटही त्याच यादीत. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हेही त्याच आकडेवारीतून पुढे आलं. तरी खापर फुटतं ते टेन्शनवर, कारण टेन्शन दुसऱ्यानं दिलेलं असतं. तंबाखू आपणच मळतो.

गैरसमज : मी ओढत नाही, नुसती खातो.

निकोटिनला धूर लागत नाही. ते गालातून, हिरडीतून थेट रक्तात उतरतं, नाडी आणि बीपी वाढवतं. 'इंटरहार्ट'मध्ये नुसती तंबाखू चघळणाऱ्यांचा धोकाही सुमारे दुप्पट आढळला. आपल्याकडे मिश्री तर मोजलीच जात नाही. सकाळी मिश्री लावल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्या बाया दवाखान्यात 'व्यसन काही नाही' असं सांगतात, आणि ते खोटं बोलायचं म्हणून नव्हे. मिश्री त्यांच्या लेखी दात घासणं असतं. प्रत्यक्षात ती भाजलेली तंबाखूच. बायकांना हृदयविकार होत नाही, हा समजही याच घरांत नांदतो. मासिक पाळी थांबल्यावर धोका चढत जातो, मधुमेह असेल तर त्याही आधी. शिवाय छातीत कळ येण्याऐवजी धाप, मळमळ, जबड्यात दुखणं एवढंच झालं, तर त्याला अ‍ॅसिडिटी म्हणून मोकळं होतात.

गैरसमज : तूप सोडलं की झालं.

शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं. तुपातली संपृक्त चरबी निर्दोष नाही, पण वरणभातावरच्या चमचाभर तुपाला शिव्या घालत फरसाणाची पुडी संपवणाऱ्याला काय म्हणावं?

गैरसमज : ईसीजी नॉर्मल, म्हणजे हृदय ठणठणीत.

ईसीजी त्या काही सेकंदांची नोंद असते. पुढच्या महिन्याची हमी नव्हे. नळात गाळ साचत साचत तो एक दिवस बंद पडावा, तसं हृदयाचं होतं असं आपण धरून चालतो. पुष्कळ झटके मात्र निम्मीही न बुजलेल्या रक्तवाहिनीत येतात. आतल्या चरबीच्या थराचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. तोवर माणूस जिने चढत असतो, दमत नसतो. थर कमकुवत करणारी मंडळी वर्षानुवर्षं मुकाट काम करतात. बीपी दुखत नाही, वाढलेली साखरही सुरुवातीला जाणवत नाही.

म्हणून तिशी उलटली असेल तर बीपी, साखर आणि लिपिड तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी 'व्यसन?' असं विचारलं, तर मिश्रीसुद्धा सांगा.