जहाजाचे गिऱ्हाईक, एका दिवसाचा बाजार

पर्यटकांची मोठी जहाजे सकाळी बंदराला लागतात, उतारू शहरात उतरतात आणि सायंकाळी परत जहाजावर चढतात. या एका दिवसात त्यांना काय पाहता येते, ते काय विकत घेतात आणि त्यातून बंदराच्या व्यापाऱ्याच्या पदरात काय पडते, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे. मुंबईत बॅलार्ड पिअरला सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. म्हणजे हे गिऱ्हाईक आपल्याही दाराशी येणार आहे. त्याची रीत कळावी म्हणून आम्ही येथे ओमानची राजधानी मस्कतचे उदाहरण घेत आहोत.

मस्कतचे सुलतान काबूस बंदर मुत्राह या जुन्या भागात आहे. पूर्वी येथे मालाचीही मोठी उलाढाल होती. २०१४ मध्ये मालवाहू जहाजे सोहार बंदराकडे वळविण्यात आली आणि हे बंदर पर्यटनासाठी राखण्यात आले. बंदरातून बाहेर पडले की समुद्रकाठचा रस्ता लागतो आणि त्याच रस्त्यावर मुत्राहचा प्रसिद्ध सूक, म्हणजे बाजार आहे. बंदर आणि बाजार इतके जवळ असणे ही व्यापाऱ्यासाठी मोठीच सोय आहे. तरीही जहाजातून उतरलेला प्रत्येक माणूस गिऱ्हाईक होत नाही. का, ते पाहू.

दिवसाचा हिशेब

समजा, जहाज सकाळी ८ वाजता लागले आणि सायंकाळी ६ वाजता सुटणार आहे. उतारूंना साधारण ५ वाजेपर्यंत परत बोलावतात. जो स्वतःच्या भरवशावर फिरायला गेला त्याच्यासाठी जहाज थांबत नाही, म्हणून शहाणा माणूस आणखी अर्धा तास हाताशी ठेवतो. बंदराच्या आवारात पायी फिरू देत नाहीत, बसने फाटकापर्यंत सोडतात. जाता-येता त्यात तासभर जातो.

बहुतेकांना प्रथम सुलतान काबूस मोठी मशीद पाहायची असते. ती मुत्राहपासून वीस किलोमीटरहून दूर आहे. २००१ मध्ये खुल्या झालेल्या या मशिदीच्या बांधकामात भारतातील वालुकाश्म वापरला आहे. आतला गालिचा इराणी कारागिरांनी विणला असून तो ४ हजार चौरस मीटरहून मोठा आणि सुमारे २१ टन वजनाचा आहे. त्यात १७० कोटी गाठी असल्याचे सांगतात आणि तो पुरा व्हायला चार वर्षे लागली. २००७ मध्ये अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीत याहून मोठा गालिचा अंथरला गेला. मुस्लिमेतर पाहुण्यांना मशिदीत सकाळी ८ ते ११ हीच वेळ आहे आणि शुक्रवारी तीही नाही. मुसलमान नमाजासाठी इतर वेळीही जाऊ शकतो.

मशीद पाहून मुत्राहला परतेपर्यंत बारा वाजतात. बाजारातली बरीच दुकाने १ च्या सुमारास बंद होतात आणि दुपार टळल्यावर पुन्हा उघडतात. शुक्रवारी सकाळी तर बाजार बंदच असतो. म्हणून जाणता उतारू असा क्रम लावतो: आधी मशीद, मग तासभर बाजार, आणि दुपारी जुने मस्कत. तेथे अल आलम राजवाडा बाहेरून पाहता येतो. त्याच्या दोन्ही बाजूंस पोर्तुगीज काळातील जलाली व मिरानी हे किल्ले आहेत. समोर २०१६ मध्ये उघडलेले राष्ट्रीय संग्रहालय आहे. पोर्तुगीजांनी १५०७ मध्ये घेतलेले हे शहर ओमानी लोकांनी १६५० मध्ये परत जिंकले. तो सारा इतिहास या एवढ्याशा जागेत डोळ्यांसमोर येतो.

आता व्यापाऱ्याच्या बाजूने हिशेब करा. उतारू दोन हजार असोत की तीन हजार, त्यांच्या हातात बाजारासाठी तास-दीड तासच असतो. पोट भरण्याची सोय जहाजावर असल्याने खाण्यावरही ते फार खर्च करीत नाहीत.

काय विकते, काय विकत नाही

या गिऱ्हाइकाची पिशवी लहान असते आणि तिच्यावर पहारा असतो. जहाजावर चढताना सामान यंत्रातून तपासले जाते. खंजीर किंवा धारदार वस्तू निघाली तर ती सहसा काढून ठेवतात. जहाजाच्या खोलीत उदबत्ती, निखारा पेटवू देत नाहीत. तरीही लोबान चांगला विकला जातो, कारण तो हलका आहे, नासत नाही आणि घरी गेल्यावर जाळता येतो. ओमानच्या दक्षिणेकडील धोफार भागात त्याची झाडे आहेत. त्यातला हिरवट-पांढरा 'होजारी' उत्तम मानतात.

कापडात सर्वांत जास्त उठाव शालींना. आमचा धंदा कापडाचा, म्हणून हे थोडे सविस्तर सांगतो. ओमानी पुरुष डोक्याला बांधतात तो 'मस्सर' उंची असेल तर काश्मीरच्या लोकरीचा असतो. पण पर्यटकांसमोर 'पश्मिना' म्हणून ठेवलेला स्वस्त माल पुष्कळदा व्हिस्कोस किंवा ॲक्रिलिकचा निघतो. शाल अंगठीतून काढून दाखवणे ही काही परीक्षा नव्हे, पातळ व्हिस्कोसही अंगठीतून जाते. खरी परीक्षा एका धाग्याची. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. व्हिस्कोसला कागद जळल्याचा वास येतो. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी बनते.

टोपीचेही तसेच. ओमानी 'कुम्मा' हाताने भरायला कित्येक दिवस लागतात, यंत्राची टोपी मात्र झटपट तयार होते. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून फरक सांगितला नाही, तर गिऱ्हाईक स्वस्त तेच उचलणार आणि हाताने भरणाऱ्याची मेहनत वाया जाणार. नुकसान येथे होते आणि ते कारागिराचे होते.

पैशाचाही घोळ असतो. ओमानी रियालचे १००० बैसा होतात आणि एक रियाल अमेरिकेच्या सुमारे २.६० डॉलरइतका असतो. पाहुण्याला 'दहा' हा आकडा लहान वाटतो, हिशेब केल्यावर ते २६ डॉलर निघतात. मग त्याला आपण फसलो असे वाटते. भाव रियाल व डॉलर दोन्हींत लिहून लावला तर ही शंकाच राहत नाही.

गिऱ्हाईक परतत नाही, जहाज परतते

काही जण म्हणतील, जो पुन्हा कधी दिसणार नाही त्याच्याशी एवढा सरळ व्यवहार कशाला? आमचे म्हणणे असे, की माणूस परतत नाही पण जहाज परतते. हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल असतो आणि त्या काळात तेच जहाज नवी माणसे घेऊन पुन्हा येते. कोणत्या गल्लीत फसवणूक होते, हे जहाजावरचे लोक आणि मार्गदर्शक पुढच्या खेपेला आधीच सांगून ठेवतात. एका दुकानाची बदनामी सगळ्या बाजाराला भोवते.

हंगाम सहा-सात महिन्यांचाच असल्याने सगळे भांडवल या गिऱ्हाइकावर लावू नये, हेही लक्षात ठेवावे. दुकान चालते ते बारमाही गिऱ्हाइकावर. जहाजाची कमाई ही वरकमाई समजावी.

आपल्यासाठी

बॅलार्ड पिअरपासून क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास मार्केट आणि मोहम्मद अली रोड टॅक्सीने फार दूर नाहीत. आपण एवढे तरी करावे. जहाजांचे वेळापत्रक मिळवून दुकानात लावावे. चोर बाजारची बरीच दुकाने शुक्रवारी बंद असतात, तेव्हा त्या दिवशी जहाज असेल तर काय करायचे हे संघटनेने आधी ठरवावे. माल हलका, घडी होणारा, न फुटणारा ठेवावा. औरंगाबादची हिमरू शाल या कामी उत्तम आहे. प्रत्येक नगावर चिठ्ठी असावी: सूत की रेशीम, हातमाग की यंत्रमाग, कोठे विणला आणि भाव किती. त्या घाईच्या तासाभरात चार वाक्ये बोलायला सवड मिळत नाही, तेव्हा ती चिठ्ठीच बोलते. आणि विणणाऱ्याचे गाव तिच्यावर असेल, तर त्याच्या मेहनतीचा दाम मागायला आपल्याला संकोच वाटणार नाही.